नवराबायकोच्या फर्ममधून बाहेर पडताना: पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सही करण्यापूर्वी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही आणि तुमचे मिस्टर यांची २०१३ सालची नोंदणीकृत भागीदारी फर्म असून हिस्सा निम्मा-निम्मा आहे. आंब्याचा पल्प, कोकम सरबत, आगळ आणि जोडीला पर्यटकांसाठी चिऱ्याच्या चार खोल्या असा व्यवसाय आहे. खोल्या सासऱ्यांच्या नावच्या जागेत बांधलेल्या आहेत, फर्मवर पतसंस्थेचे कर्ज आहे आणि गेल्या वर्षभरापासून तुम्ही माहेरी राहत आहात. आता मिस्टरांचे म्हणणे असे की, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘मी स्वखुशीने फर्ममधून बाहेर पडत आहे, माझा कोणताही हक्क उरलेला नाही’ एवढे लिहून दिले की विषय संपला. अशी सही करावी का आणि पुढे स्वतःचा सरबताचा व्यवसाय करता येईल का, हे तुम्ही विचारले आहे.

असा कागद कायद्यात टिकेल, आणि अडचण नेमकी तीच आहे. तो तुमच्याविरुद्ध टिकेल. तुमच्या उपयोगी पडणार नाही. त्याने तुमचे फर्मकडून येणे संपेल, परंतु फर्मचे जे देणे तुमच्या डोक्यावर आहे ते तसूभरही कमी होणार नाही, कारण पतसंस्था, जीएसटी खाते आणि उधारीवर डबे व बरण्या देणारा व्यापारी यांपैकी कोणीही त्या कागदावर सही केलेली नसेल. रत्नागिरी जिल्ह्यात २६ वर्षे दिवाणी आणि कौटुंबिक कामे करताना मी अशा प्रकरणांत सर्वांत जास्त नुकसान झालेले पाहिले ते हक्क आधी सोडून देणी नंतर मिटवू, या क्रमामुळे.

तुमचे भागीदारीपत्र मी पाहिलेले नाही, म्हणून काही गोष्टी त्यातील मजकुरावर अवलंबून राहतील हे आधीच सांगते. फर्मला मुदत ठरवलेली आहे का, निवृत्तीचे किंवा हिस्सा विकत घेण्याचे कलम आहे का, वाद लवादाकडे नेण्याचे कलम आहे का, आणि जागेविषयी त्यात एखादे तरी वाक्य आहे का, या चार गोष्टी प्रथम पाहा. पत्राची प्रत तुमच्याकडे नसेल तर फर्म नोंदणी कार्यालयातून नोंदीचा उतारा मिळवता येतो. त्याचबरोबर हिशेबाची वही, बँक उतारे, मागील विवरणपत्रे आणि कर्जाची कागदपत्रे यांच्या प्रती काढून ठेवा. भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम १२ प्रमाणे हा प्रत्येक भागीदाराचा हक्क आहे आणि तो भागीदार असेपर्यंत सहज वापरता येतो. नोटीस दिल्यानंतर कपाटाच्या किल्ल्या सापडेनाशा होतात, हा माझा अनुभव आहे.

तुमच्या प्रश्नात ‘राजीनामा’ हा शब्द आला आहे, त्यामुळे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भागीदारीला किमान दोन माणसे लागतात. तीन भागीदारांपैकी एक निवृत्त झाला तर उरलेल्या दोघांची फर्म चालू राहते. दोघांपैकी एक बाहेर पडला की फर्मच उरत नाही. म्हणजे कागदावर शब्द कोणताही घातला तरी तुमच्या बाबतीत घडते ते फर्मचे विघटन. तुमच्या बाहेर पडण्याआधी दिराला किंवा अन्य कोणाला भागीदार म्हणून घेतले तर गोष्ट वेगळी, पण त्यालाही तुमची संमती लागते. मुदत न ठरवलेली फर्म असेल तर लेखी नोटीस देऊन तुम्ही एकट्या ती विघटित करू शकता. मिस्टरांची परवानगी लागत नाही, कसले कारण द्यावे लागत नाही, आणि घटस्फोट होईपर्यंत थांबावेही लागत नाही. विवाह आणि भागीदारी ही कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र नाती आहेत. एक संपल्याने दुसरे आपोआप संपत नाही. आपल्याकडे लग्नानंतरची सगळी मिळकत दोघांची निम्मी-निम्मी, असा नियमही नाही. मालकी कोणाच्या नावे आहे आणि पैसा कोणाचा लागला, हेच पाहिले जाते. फर्ममधील तुमचा निम्मा हिस्सा तुम्हाला मिळतो तो भागीदार म्हणून. पोटगीचा हक्क निराळा आहे, आणि ‘तुला पोटगी देतोच आहे, मग फर्मचे कसले मागतेस’ हे वाक्य कोणी उच्चारले तर ते कायद्याला धरून नाही, एवढे लक्षात ठेवा.

आता देण्यांचा विषय, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि व्यक्तिशः जबाबदार असतो, म्हणजे पतसंस्था संपूर्ण रक्कम एकट्या तुमच्याकडून मागू शकते. निम्म्या हिश्श्याची भिंत तिला आडवी येत नाही. त्यावर बहुधा तुम्ही वैयक्तिक जामीनही असाल, कारण कर्ज देताना तो फॉर्म सह्यांच्या गठ्ठ्यात असतोच. या दोन्ही जबाबदाऱ्यांतून सुटण्यासाठी धनकोची लेखी मान्यता लागते: तुम्ही, मिस्टर आणि पतसंस्था यांच्यात करार व्हावा, कर्ज मिस्टरांच्या एकट्याच्या नावे नव्याने बांधले जावे, आणि ‘श्रीमती अमुक यांना कर्जदार व जामीनदार म्हणून मुक्त केले आहे’ असे पत्र संचालक मंडळाच्या ठरावाच्या आधारे मिळावे. शाखेच्या व्यवस्थापकाने तोंडी दिलेल्या शब्दावर जाऊ नका. पतसंस्था सहजी तयार होणार नाही, कारण एक जबाबदार माणूस तिच्या हातून सुटतो. मग दुसरा जामीनदार द्यावा लागतो किंवा काही रक्कम भरून कर्ज कमी करावे लागते, आणि ते कोण भरणार हाच खऱ्या अर्थाने तुमच्या वाटाघाटीचा मुद्दा आहे. मुक्तता मिळेपर्यंत निदान एवढे करा की भारतीय करार अधिनियमाच्या कलम १३० नुसार पुढील व्यवहारांसाठीचा चालू जामीन रद्द करत असल्याची नोटीस द्या आणि कॅश क्रेडिट खात्यातील त्या तारखेची शिल्लक लेखी मागून घ्या. झालेले कर्ज त्याने जात नाही, वाढणारे थांबते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी परस्परसंमतीच्या घटस्फोटात ‘उभयतांमध्ये कोणतेही आर्थिक देणे-घेणे शिल्लक नाही’ या वाक्यावर सही केली होती. हुकूम झाला, सगळे निश्चिंत झाले. दोन वर्षांनी सहकार अधिनियमाच्या कलम १०१ खालील वसुली दाखल्याची प्रत त्यांच्या हातात पडली. हा दाखला जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होतो, आणि त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीपात्र रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. ज्या फर्ममधून त्यांना एक रुपयाही मिळालेला नव्हता तिच्यासाठी त्यांनी माहेरच्या वाट्यातील बागेवर कर्ज काढले. ते एक वाक्य त्यांच्यात आणि त्यांच्या नवऱ्यात खरे होते. पतसंस्थेला त्याचे काही सोयरसुतक नव्हते.

विघटनानंतरही, जाहीर नोटीस दिली जाईपर्यंत, मिस्टरांनी फर्मच्या नावाने केलेल्या नव्या व्यवहारांची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. नोंदणीकृत फर्मच्या बाबतीत जाहीर नोटीस म्हणजे फर्म निबंधकाकडे सूचना, राजपत्रात प्रसिद्धी आणि जिल्ह्यात खप असलेल्या किमान एका मराठी वृत्तपत्रात प्रसिद्धी, अशा तिन्ही गोष्टी. बहुतेक लोक वृत्तपत्रातील चौकोन देऊन थांबतात. ही नोटीस तुम्ही एकट्याही देऊ शकता, त्यासाठी कोणाच्या सहीची वाट पाहू नका. जीएसटीबाबत भागीदारी सोडल्याची तारीख एका महिन्याच्या आत लेखी कळवली नाही, तर कळवेपर्यंतच्या कराचीही जबाबदारी राहते. मिस्टर पुढे एकट्याने व्यवसाय करणार असतील तर पॅन बदलत असल्यामुळे त्यांना नवी नोंदणी घ्यावी लागेल आणि जुन्या नोंदणीवरील शिल्लक कर-जमा त्यासाठीच्या विहित नमुन्यातून वर्ग करावी लागेल; ते काम त्यांचे आहे, पण जुनी नोंदणी रद्द झाल्याची प्रत तुम्ही मागून ठेवा. अन्नपरवाना, निवास व न्याहारी योजनेतील नोंदणी, वीजजोडणी, चालू खाते यांची यादी करून प्रत्येक ठिकाणी पत्र द्या आणि पोच घ्या. काम कंटाळवाणे आहे, यात शंका नाही.

जागेचा प्रश्न कोकणात जवळजवळ प्रत्येक प्रकरणात येतो. सातबाऱ्यावर सासऱ्यांचे नाव, त्याखाली कधी चुलत्यांची आणि आत्यांचीही नावे, क्षेत्र सामाईक, आणि त्यात सुनेच्या व मुलाच्या फर्मने कर्ज काढून बांधलेल्या खोल्या. जमीन फर्मची नाही, त्यामुळे जमिनीत तुमचा भागीदार म्हणून हिस्सा नाही, हे स्वीकारून पुढे जावे. परंतु ‘जमीन आमची म्हणून खोल्याही आमच्या’ हे विधान तितके सरळ नाही. फर्मच्या पैशातून उभे राहिलेले बांधकाम फर्मच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवलेले असेल, त्यावर दरवर्षी घसारा घेतला असेल, कर्जाच्या प्रस्तावात त्याचा उल्लेख असेल, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत) फर्मचे नाव लागले असेल, तर त्याची किंमत हिशेबात धरली गेलीच पाहिजे. शिवाय भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६०(ब) प्रमाणे जमीनमालकाच्या परवानगीने, त्या परवानगीवर विसंबून कोणी खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल तर ती परवानगी मनाला येईल तेव्हा काढून घेता येत नाही. हा युक्तिवाद प्रत्येक प्रकरणात यशस्वी होतोच असे नाही. परवानगी कोणत्या स्वरूपाची होती आणि बाकीच्या सहहिस्सेदारांची संमती होती का, यावर तो अवलंबून असतो. तरीही वाटाघाटीच्या वेळी त्याचे वजन असते. व्यवहारात मी बांधकामाची किंमत ठरवून ती मिस्टरांच्या खात्यात टाकते आणि तेवढ्या प्रमाणात रोख रक्कम बाहेर पडणाऱ्या पत्नीला मिळवण्याचा प्रयत्न करते. चार खोल्यांपैकी दोन खोल्या सासरच्या आवारात तुमच्या ताब्यात राहतील, अशा तडजोडी कागदावर छान दिसतात. पहिल्या मे महिन्यात पाण्याच्या टाकीवरून त्या मोडतात.

फर्म सोडणे आणि घर सोडणे यांचीही गल्लत होऊ देऊ नका. सामायिक घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यातून येतो, आणि घर सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. विघटनपत्रात ‘निवासाचाही हक्क सोडत आहे’ असा शब्द घुसवलेला असेल तर तो काढायला लावा.

हिशेब कोणत्या तारखेचा धरायचा, हा मुद्दा चार्टर्ड अकाउंटंट मंडळी सहसा ३१ मार्च म्हणून निकालात काढतात, कारण त्यांना तेच सोयीचे. आंब्याच्या धंद्यात ती तारीख बाहेर पडणाऱ्या माणसाला मारक आहे. फवारण्या, राखण, मजुरी, खंडाने घेतलेल्या कलमांचे पैसे असा सगळा खर्च तोपर्यंत झालेला असतो, वाशीच्या दलालाची उचल देणे म्हणून दिसत असते, आणि उत्पन्नाची मात्र नुकती सुरुवात असते. पल्प तर मे-जूनमध्ये भरला जातो. त्या दिवशी काढलेल्या ताळेबंदात तुमचे भांडवली खाते वर्षातील सर्वांत रोडावलेल्या अवस्थेत सापडेल. मिरग लागून गेल्यावर, म्हणजे ३० जूनच्या सुमारास, फळांचे पैसे चुकते झालेले असतात, डबाबंद माल मोजता येतो आणि पर्यटकांचा हंगामही आटोपलेला असतो. म्हणून नोटिशीत विघटनाची तारीख विचारपूर्वक घाला, कारण नोटिशीत लिहिलेली तारीखच विघटनाची तारीख धरली जाते. माल बाजारभावाने मोजावा, यंत्रांची किंमत घसारा वजा करून पुस्तकात दिसते ती न धरता मूल्यांककाकडून काढावी, आणि नावलौकिकाचीही किंमत लावावी, असा माझा आग्रह असतो. फर्मचे नाव, दूरध्वनी क्रमांक, बुकिंगच्या संकेतस्थळांवरील खाती आणि तेथील वर्षानुवर्षांचे अभिप्राय हाच आज या व्यवसायाचा नावलौकिक आहे. तुम्ही लिहिता की लेबलवर तुमचे माहेरचे लाडके नाव छापलेले आहे. तर त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी कोणाच्या नावे आहे, हे आजच पाहा.

हिशेबाचा क्रम कायद्यानेच ठरवून दिला आहे: प्रथम बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी भांडवलाव्यतिरिक्त दिलेल्या रकमा, नंतर भांडवल, आणि उरेल ते हिश्श्याप्रमाणे. तुमचे दागिने मोडून फर्मला पैसे दिले असतील तर ते भांडवल म्हणून जमा झाले की कर्जाऊ रक्कम म्हणून, याने फरक पडतो. हिशेब न मिटवता मिस्टरांनी धंदा चालूच ठेवला, तर विरुद्ध करार नसल्यास भागीदारी अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे तुमच्या हिश्श्याच्या वापरातून झालेला नफा किंवा त्या हिश्श्याच्या रकमेवर वार्षिक ६ टक्के व्याज, यांपैकी एक निवडता येते. मात्र घोंगडे भिजत ठेवू नका. विघटित फर्मच्या हिशेबाचा दावा विघटनापासून ३ वर्षांच्या आत लावावा लागतो.

घटस्फोट आणि विघटन यांचा क्रम कसा असावा, हे करामुळे आणि मुद्रांकामुळे महत्त्वाचे ठरते. फर्ममधील हिस्सा ही जंगम मालमत्ता समजली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच सांगितले आहे. त्यामुळे केवळ हिस्सा सोडल्याच्या कागदाची नोंदणी लागत नाही. पण तुमच्या दोघांच्या वैयक्तिक नावावर एखादा गुंठा किंवा सदनिका असेल तर नोंदणीकृत दस्त हवाच, आणि पती-पत्नीमधील निवासी व शेतीच्या मिळकतीच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मिळणारी मुद्रांक शुल्काची मोठी सवलत ‘पती-पत्नी’ या नात्याला आहे. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर ते नाते उरत नाही. आयकरातील ‘नातेवाईक’ या व्याख्येचेही तसेच आहे. असे दस्त हुकुमाआधी उरकावेत. घटस्फोटाच्या तडजोडनाम्यात मिळकत लिहिली म्हणजे पुरे, असेही पुष्कळांना वाटते. ती स्थावर मिळकत त्या अर्जाचा विषयच नसेल तर त्या हुकुमालाही नोंदणी लागते, आणि हे तलाठ्याने फेरफार नाकारल्यावर कळते. विघटनावेळी भागीदाराला मालमत्ता किंवा खात्यातील शिलकीपेक्षा जास्त रक्कम दिली तर फर्मवर कर येऊ शकतो. २०२१ पासून या तरतुदी कडक झाल्या आहेत, म्हणून हा कर कोण भरणार हे विघटनपत्रात स्पष्ट लिहा.

परस्परसंमतीचा अर्ज करणार असाल तर माझी पद्धत अशी आहे: आधी विघटनपत्र आणि पतसंस्थेचे मुक्ततापत्र, मग त्यांचा तारखेसह उल्लेख असलेला अर्ज, आणि तुमच्या रकमेचा शेवटचा हप्ता संमतीच्या दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या जबाबाच्या दिवशी न्यायालयातच डिमांड ड्राफ्टने. त्या दिवसापर्यंत तुमची संमती ही तुमच्या हातातील खरी चावी आहे. ती सूडासाठी वापरू नये, पण फुकटही देऊ नये.

समेट झाला नाही तर काय, याबद्दल दोन गोष्टी. भागीदारीपत्रात लवादाचे कलम असेल तर हिशेबाचा वाद लवादाकडे जाईल, घटस्फोट आणि पोटगीचा जाणार नाही. लवाद नेमण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले तर आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची कामे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात, मुंबईची खेप वाचते. आणि ज्यांची फर्म नोंदणीकृत नाही त्यांना आजही कोणी सांगते की महाराष्ट्रात अशा फर्मच्या विघटनाचा दावाच लावता येत नाही. तशी दुरुस्ती आपल्या राज्याने केली होती खरी, पण सर्वोच्च न्यायालयाने ती २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. स्वतःचा सरबताचा व्यवसाय तुम्ही करू शकता, अगदी त्याच तालुक्यात. बाहेर पडलेल्या भागीदाराला स्पर्धा करण्याची मुभा भागीदारी अधिनियमाचे कलम ३६ देते. जुन्या फर्मचे नाव वापरणे, आपणच ती फर्म आहोत असे भासवणे आणि फर्मच्या तेव्हाच्या गिऱ्हाइकांकडे स्वतःहून मागणी करणे, एवढे मात्र टाळावे लागते. मिस्टर बहुधा विघटनपत्रात ‘पाच वर्षे जिल्ह्यात असा धंदा करणार नाही’ अशी अट घालतील. ठरावीक काळ आणि ठरावीक क्षेत्र असलेली वाजवी अट कायद्याने वैध असते, म्हणून ती आली तर तिची किंमत मागा, किंवा ती पल्पपुरती ठेवून कोकम आणि आगळ त्यातून वगळून घ्या. लेबलवरचे ते नाव तुमच्याकडे राहावे, हेही त्याच बैठकीत मांडा. एकदा ‘नावलौकिकासह सर्व हक्क’ लिहून गेले की तुमचेच नाव तुम्हाला बाटलीवर छापता येणार नाही.